कावेरीच्या वाळूतला झिरा

यजमान गेले त्याला चौदा महिने झाले होते, आणि त्या चौदा महिन्यांत मी एकदाही प्रार्थना केली नव्हती.

आमच्याकडे हे सहज बोलण्यासारखं नाही. मी नगरची, मिशनच्या मंडळीत वाढलेली. आमच्या घरात प्रार्थना म्हणजे बोलणं. जेवणाआधी, प्रवासाला निघताना, परीक्षेच्या दिवशी, कुणी आजारी पडलं की आणि बरं झालं की, डोळे मिटायचे आणि मोठ्यांदा बोलायचं. ज्याला चांगलं बोलता येतं त्याला उपासनेत पाळकसाहेब सांगतात, "ताई, प्रार्थनेत चालवा." मला चांगलं बोलता यायचं. यजमानांच्या दुखण्यात सव्वादोन वर्षं मी देवाशी इतकं बोलले, की त्याला सांगायचं काही उरलं नाही. औषधांची नावं सांगितली, तपासण्यांचे आकडे सांगितले, मुलीचं लग्न व्हायचंय हेही सांगितलं. शेवटी त्यांना अतिदक्षता विभागात नेत होते तेव्हा स्ट्रेचरवरून माझ्याकडे बघून ते म्हणाले, "येतो गं." त्या रात्री बाहेरच्या बाकावर बसून मी तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. आटलेल्या विहिरीत बादली सोडावी आणि ती खडकावर आपटावी, तसं झालं.

भेटायला येणाऱ्यांपैकी एकदोघांनी माझा विश्वास कमी पडला असं हळूच सुचवलं. मी काही बोलले नाही. कबरीच्या दगडावर रिवाजाप्रमाणे 'प्रभूमध्ये विसावले' असं कोरून घेतलं, आणि 'विसावा' हा शब्द तिथेच ठेवून घरी आले. तो मेलेल्यांसाठीच असतो, असं मला तेव्हा वाटत होतं.

पुण्यात शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेमसेवा आश्रम आहे. जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२२ मध्ये काढलेल्या ख्रिस्त सेवा संघापर्यंत त्याची मुळं जातात. मैत्रिणीबरोबर मी तिथे एक दुपार गेले होते. तिथे हाताला स्वामी अभिषिक्तानंदांचं प्रार्थनेवरचं एक छोटं इंग्रजी पुस्तक लागलं. प्रार्थना करणाऱ्याचे शब्द एक ना एक दिवस संपणारच, हे लेखक जणू धरूनच चालला होता, आणि त्याला त्याची भीती वाटत नव्हती. दहाबारा पानं वाचली, पुस्तक मिटलं आणि हा माणूस राहत कुठे होता, ते विचारलं.

म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात, लेंटच्या म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, मी दौंडहून चेन्नईच्या गाडीत बसले आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीने त्रिचीला उतरले.

त्रिचीहून करूरकडे निघालेली बस कावेरीची पाठ सोडत नाही. उजवीकडे नदी आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. मुक्कोंबूला कावेरीतून कोळ्ळिडम फुटते. १८३०च्या दशकात आर्थर कॉटनने तिथे बांध घातला. तो बघायला शाळेच्या सहली येतात, पण मी उतरले नाही. नदी म्हणून डोळ्यांपुढे जे येतं ते त्या दिवसांत नव्हतंच. अर्धा मैल रुंद पांढरी वाळू आणि पलीकडच्या काठाला चिकटून वाहणारी एक बारीक धार. मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडायचा रिवाज जूनच्या १२ तारखेचा. तोवर ही वाळूच. मला ती बघून घरच्यासारखं वाटलं. आमची सीनाही वर्षातले आठ महिने अशीच असते.

कुळित्तलैच्या अलीकडे तण्णीरपळ्ळी नावाचं खेडं आहे. तमिळमध्ये तण्णीर म्हणजे पाणी. तिथे उतरून थोडं चाललं की झाडी सुरू होते, आणि त्या झाडीत सच्चिदानंद आश्रम. लोक त्याला शांतिवनम् म्हणतात.

प्रवेशालाच एक छोटं गोपुर आहे, दाक्षिणात्य देवळासारखं, रंगवलेलं. वर तीन मुखांची एक मूर्ती: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. आत मंडप, त्यापुढे अंधारा गाभारा, गाभाऱ्यावर विमान, म्हणजे शिखर. त्या विमानावर मरिया आहे, पेत्र आणि पौल आहेत, संत बेनेडिक्ट आहे, आणि कमळावरचा येशू. आमच्या नगरच्या दगडी, उंच, पांढऱ्या भिंतींच्या मंदिरात वाढलेल्या मला हे सगळं परकं होतं. परकं म्हणजे नेमकं काय, ते मी पुढे सांगते.

आधी हा आश्रम सुरू करणाऱ्या दोघांबद्दल. झ्यूल मोन्शानें हे फ्रान्समधल्या लियों भागातले धर्मगुरू. मोठे विद्वान, प्रकृतीने नाजूक. १९३९ मध्ये ते भारतात आले आणि त्रिचीच्या आसपासच्या खेड्यांत साधं पाळकाचं काम करत राहिले. दुसरे आंरी ल सो, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचे. केर्गोनांच्या बेनेडिक्टाइन मठात एकोणीस वर्षं काढून १९४८ मध्ये ते इथे पोहोचले. २१ मार्च १९५० ला, संत बेनेडिक्टच्या सणाच्या दिवशी, दोघांनी या आमराईत आश्रम सुरू केला. भगवी वस्त्रं घेतली, नावं घेतली: एक परम अरूबि आनंद, दुसरे अभिषिक्तानंद. आश्रमाला त्रैक्याचं नाव दिलं सच्चिदानंद: पिता सत्, पुत्र चित्, आत्मा आनंद. हे समीकरण त्यांचं स्वतःचं नव्हतं. बंगालच्या ब्रह्मबांधव उपाध्यायांनी १८९८ मध्येच त्यावर संस्कृत स्तोत्र रचलं होतं.

शांततेच्या शोधात निघालेल्या या दोघांना शांतता अशी मिळालीच नाही. ते वाट बघत होते भारतीय संन्याशांची. आलेला कुणी टिकला नाही. वर्षानुवर्षं झोपड्या रिकाम्या राहिल्या. १९४९च्या जानेवारीत अभिषिक्तानंद तिरुवण्णामलैला रमण महर्षींना भेटून आले होते, आणि त्या शांत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाने त्यांची सगळी मांडणी हलवून टाकली होती. पुढे ते अरुणाचलाच्या गुहांमध्ये आठवडेच्या आठवडे राहून येत. एकीकडे चर्चवरची निष्ठा, दुसरीकडे उपनिषदांचं अद्वैत. ही ओढाताण त्यांच्या डायरीच्या पानापानांतून दिसते. मोन्शानें यांना इतकं पुढे जाणं मान्य नव्हतं. ते १९५७ मध्ये पॅरिसला उपचारासाठी गेले आणि तिथेच वारले. अभिषिक्तानंद १९६८ मध्ये शांतिवनम् सोडून उत्तरकाशीला गंगेकाठी गेले. १९७३च्या जुलैत ऋषिकेशच्या बाजारात त्यांना हृदयविकाराचा झटका आला, आणि डिसेंबरात इंदूरला ते वारले. या माणसाचं मला जे सगळ्यात जवळचं वाटतं ते हे, की त्याने ताण मिटल्याचा आव कधी आणला नाही. तो ताणासकट प्रार्थनेला बसत राहिला.

ज्यांच्यामुळे शांतिवनम् जगाला माहीत झालं ते बीड ग्रिफिथ्स नंतरचे. इंग्रज बेनेडिक्टाइन, ऑक्सफर्डमध्ये सी. एस. लुईस यांचे विद्यार्थी. केरळच्या कुरिसुमला आश्रमातून ते १९६८ मध्ये इथे आले आणि १९९३ मध्ये इथेच वारले. त्यांची समाधी मंदिराजवळ आहे. तिच्यावर रोज कुणीतरी ताजी फुलं ठेवतं.

मला झाडांमधली एक खोली मिळाली: खाट, टेबल, माठ, मच्छरदाणी. पहाटे अंधारात घंटा. सूर्योदयाला एक तास आणि सूर्यास्ताला एक तास ध्यान. त्यात कुणी काही शिकवत नाही, कुणी काही विचारत नाही. ज्याने त्याने नदीकाठी, खोलीत, हवं तिथे बसायचं. त्याशिवाय दिवसातून तीन वेळा मंदिरात प्रार्थना. सकाळी कपाळाला चंदन, दुपारी कुंकू, संध्याकाळी भस्म. सकाळी मिस्सा. आमच्यात 'प्रभुभोजन' म्हणतात त्याची ही कॅथलिक रीत. अर्पणाच्या वेळी ताटाभोवती आठ दिशांची आठ फुलं ठेवतात आणि कापराने ओवाळतात. गायत्रीमंत्र म्हणतात, उपनिषदांतला एखादा उतारा वाचतात, मग स्तोत्रसंहिता, मग शुभवर्तमान. संध्याकाळी तमिळ भक्तिगीतं. जेवण जमिनीवर, पंगतीत, न बोलता.

पहिल्या संध्याकाळी मी मंडपात बसले आणि मला उठून जावंसं वाटलं.

माझी आजी गावकुसाबाहेर जन्मलेली. तिच्या आईला गावातल्या देवळाची पायरीसुद्धा शिवायची मुभा नव्हती. बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपण काय मागे टाकतोय हे त्या बायांना नीट माहीत होतं. आणि आता साडेनऊशे-हजार किलोमीटर लांब येऊन मी त्याच घडणीच्या गाभाऱ्यासमोर बसले होते. आतून संस्कृत ऐकू येत होतं आणि आतला दिवा मिणमिणत होता. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेवाच्या पायरीपाशी आहे. ती मी पाहिलेली आहे. माझे पाय आपोआप तेवढ्याच अंतरावर थांबले.

असा विचार करणारी मी पहिली नव्हे. शांतिवनम् आणि त्यासारख्या आश्रमांवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. सीताराम गोयल यांनी १९८८ मध्ये पुस्तकच लिहून म्हटलं की हे आमची वस्त्रं पांघरून धर्मांतर करू पाहतात. आणि त्याच दशकात अरविंद निर्मळ यांच्यासारख्या ख्रिस्ती दलित विचारवंतांनी विचारलं की भारतीय म्हणून तुम्ही नेमका ब्राह्मणी वारसाच का उचललात, आमचं दुःख का नाही. हा दुसरा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. सुंदर विमान बांधल्याने तो सुटत नाही.

आश्रमातल्या एका वयस्क ब्रदरना मी दुसऱ्या दिवशी हे सगळं सांगितलं. आम्ही गोठ्याजवळच्या कट्ट्यावर बसलो होतो. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "अम्मा, आत यायला तुम्हाला कुणी अडवणार नाही. पण यावंसं नाही वाटलं तर मंडपातच बसा. मंडपाबाहेर बसा. नदीवर बसा. तो बाहेर येतो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तो आधी बाहेरच होता."

रात्री खोलीत मला आजीचं जातं आठवलं. पहाटे दळताना ती नारायण वामन टिळकांची भजनं म्हणायची. टिळक चित्पावन ब्राह्मण, कोकणातले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे नगरला राहिले आणि ज्ञानोबा-तुकोबांच्या वळणाची ख्रिस्ती भजनं लिहून गेले. ती भजनं गावकुसाबाहेरून आलेल्या आमच्या बायांनी आपली म्हणून गायली. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं की अभंगावर हक्क कुणाचा. आजीला तो छंद हवा होता, तिने घेतला. हे आठवल्यावर माझा राग पूर्ण गेला असं नाही, पण तो बसायला जागा देऊ लागला. मी आठही दिवस मंडपातच बसले, गाभाऱ्यात गेले नाही. संध्याकाळचं भस्म मात्र घेत गेले.

ध्यानाचं काय? पहिल्या सकाळी नदीकाठी बसले ती पेन्शनच्या कागदांवरून सुरू झाले. मग दवाखान्याचं बिल, त्यातली एक रक्कम, ती दोनदा लावली होती का. मग जावयाच्या आईचं एक बोलणं. गुडघा दुखला, डास आले. तासाभरात देव एकदाही आठवला नाही. मी ब्रदरना म्हटलं, माझ्याच्याने हे होणार नाही.

"शब्द घेतलात का एखादा?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं होतं की मौन म्हणजे शब्दच नकोत. ते म्हणाले, मन उघड्यावर सोडलं तर ते असंच हिंडतं. त्याला एक शब्द द्यायचा. तो सावकाश, आतल्या आत म्हणत राहायचं. लक्ष गेलं की रागावायचं नाही, शब्दाकडे परत यायचं. बस. मी जरा घुश्शातच म्हटलं, पण प्रभूनेच सांगितलंय ना, प्रार्थनेत व्यर्थ बडबड करू नका म्हणून? आमचे पाळक जपमाळेवर बोलताना नेहमी हाच दाखला देतात. त्यांनी गोठ्यातल्या गाईकडे बोट केलं. "बडबड देवाला ऐकवण्यासाठी असते. हा शब्द देवासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. हिला दावं आहे तसं."

मग दुपारभर ग्रंथालयात मी जे वाचलं त्याने मला आधार दिला. मला वाटत होतं, हा सगळा प्रकार इथे भारतात येऊन उचलला असेल. तसं नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेले साधू असंच एखादं लहान वचन दिवसभर घोळवत. त्यांच्यात राहिलेल्या जॉन कॅसियनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ही रीत दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेयला नेली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मठांत तिची येशूनामाची प्रार्थना झाली: श्वासाबरोबर येशूचं नाव आणि दयेची याचना. बीड ग्रिफिथ्स आयुष्यभर तीच करत. त्या निश्चलतेला ग्रीकमध्ये 'हेसिकिया' म्हणतात. चौदाव्या शतकातल्या एका अनाम इंग्रज लेखकाने तर सांगून ठेवलं, की शब्द जितका छोटा तितका बरा. पुढे ही वाट पश्चिमेत इतकी विसरली गेली की विसाव्या शतकात जॉन मेन नावाच्या माणसाला ती मलायात एका हिंदू स्वामींकडून नव्याने शिकावी लागली. तो पुढे बेनेडिक्टाइन साधू झाला, आणि तेच कॅसियनमध्ये सापडलं तेव्हा त्याला आपल्याच घरातली वस्तू परत मिळाली. त्याने निवडलेला शब्द 'माराना था', म्हणजे हे प्रभू, ये. येशूच्या बोलीतला, अरामी. आमच्या मराठी बायबलमध्येही तो तसाच ठेवलेला आहे.

मी दोन दिवस 'माराना था' म्हणून पाहिलं. जमेना. 'ये' म्हणायची माझी हिंमत होत नव्हती. ज्याला सव्वादोन वर्षं ये म्हणत होते तो आला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी बायबल उघडून बसले होते. लेंट चालू होता, म्हणून गेथशेमाने काढलं, मार्ककृत शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय. लहानपणापासून पाठ असलेला. येशू रात्री बागेत जातो, शिष्य झोपी जातात, तो जमिनीवर पडून मागतो की हा प्याला माझ्यापासून दूर कर. आणि हाक मारताना म्हणतो, अब्बा.

अब्बा. तोही अरामी शब्द, घरात बापाला मारायची हाक. चारही शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी तो एकदाच आहे आणि तो इथे आहे. मी पन्नास वर्षं हे वाचत आले होते, पण एक गोष्ट तोवर दिसली नव्हती. हे मागणं मान्य झालं नाही. प्याला दूर झाला नाही. ज्या एका प्रार्थनेत त्याने ही हाक मारली, ती प्रार्थना नाकारली गेली, आणि त्यानंतर तो शांत झाला. पिलाताने विचारलं तरी फारसा बोलला नाही.

आणि आम्ही वडलांना आबा म्हणायचो.

तो शब्द मी घेतला. आबा. ब्रदरना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, तुमच्या भाषेत याचा अर्थ काय. मी सांगितलं. ते बराच वेळ हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत राहिले, आणि मग गाईला चारा टाकायला उठून गेले.

त्यानंतर काही चमत्कार झाला नाही. पेन्शनचे कागद परत आले, बिलातली रक्कम परत आली. पण आता परत यायला जागा होती. आबा. लक्ष जायचं. आबा. आमच्या आबांना फार बोलायची सवय नव्हती. संध्याकाळी ते ओट्यावर बसायचे, मी त्यांच्या शेजारी बसायची, आणि दिवेलागणीपर्यंत दोघं एक अक्षर बोलायचो नाही. मला तेव्हा कधी असं वाटलं नाही, की आबा माझं ऐकत नाहीत. हे माझ्या मनात ध्यानाच्या मध्येच आलं. मी ते हाकललं नाही आणि धरूनही ठेवलं नाही. सहाव्या दिवशी संध्याकाळी कधीतरी शब्दही थांबला. किती वेळ, ते सांगता येणार नाही. सूर्य वाळूच्या पलीकडे टेकला होता तो पूर्ण बुडाला, एवढंच मोजमाप माझ्याजवळ आहे. त्या वेळात मी काही मागत नव्हते. माझ्याकडूनही कुणी काही मागत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते दुःखाचं आहे का, असं मी स्वतःला विचारलंही नाही.

बीड ग्रिफिथ्स यांच्या बाबतीतली एक गोष्ट मला तिथे कळली. १९९०च्या जानेवारीत पहाटे ते आपल्या झोपडीच्या पडवीत ध्यानाला बसले असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. सगळ्यांना वाटलं, आता राहत नाहीत. त्यातून उठल्यावर ते सांगत, की आयुष्यभर आपण डोक्याने जगलो आणि त्या झटक्याने आतलं काहीतरी फुटून प्रेमाचा लोंढा आला. चाळीस वर्षं रोज दोन तास बसलेला माणूस हे म्हणतो. मला ते ऐकून धीर आला. बसण्याने ते घडवून आणता येत नाही. बसणं म्हणजे जागेवर असणं, इतकंच असावं.

आश्रमाच्या स्वयंपाकघरात गावातल्या एक अक्का कामाला येत. मी सकाळी त्यांच्याबरोबर भाजी चिरायला बसे. त्यांना मराठी नाही, मला तमिळ नाही. दोघींना मिळून वीसपंचवीस हिंदी शब्द. तरी त्यांना माझं कपाळ बघूनच सगळं कळलं होतं. त्यांचाही नवरा नव्हता. सातव्या दिवशी उन्हं उतरल्यावर त्या मला खुणेने नदीवर घेऊन गेल्या. काखेत घागर, हातात करवंटी. वाळू अजून तापलेली होती. बऱ्याच आत गेल्यावर एका जागी बसून त्यांनी करवंटीने खणायला घेतलं.

मी थक्क होऊन बघत राहिले. बहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आणि आजी मला घेऊन सीनेच्या कोरड्या पात्रात झिरा काढायची. हेच, असंच. हातभर खोल खड्डा. तळाशी वाळू आधी ओली होते, मग काळपट पडते, मग कडेने पाणी पाझरायला लागतं. पहिलं पाणी गढूळ. ते उपसून बाहेर टाकायचं. मग हात लावायचा नाही. मी लहान, मला घाई. मी हात घालायची आणि पाणी पुन्हा गढूळ व्हायचं. आजी ओरडायची नाही. माझे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेऊन धरून ठेवायची. निवळू दे, म्हणायची.

"ऊट्रु," अक्का खड्ड्याकडे बोट करून म्हणाल्या.

"झिरा," मी म्हटलं.

त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग आम्ही दोघी गुडघ्यांवर हात ठेवून त्या खड्ड्याच्या कडेला बसून राहिलो. मागे आश्रमात संध्याकाळच्या ध्यानाची घंटा झाली. दोघींपैकी कुणीही उठलं नाही. पाणी निवळायला पंधरावीस मिनिटं लागली असतील. तळाची वाळू कण न् कण दिसायला लागली तेव्हा अक्कांनी करवंटी आडवी धरून, तळ न हलवता, वरचं पाणी उचललं आणि पहिली करवंटी मला दिली. गार होतं.

त्या रात्री मी मत्तयातलं ते वचन काढलं, थकल्याभागल्यांना बोलावणारं. मराठी बायबलमध्ये तिथे 'विसावा' हाच शब्द आहे. त्याच्या लगेच पुढे, त्याच दमात, माझं जू आपल्यावर घ्या, असं आहे. विसाव्याच्या पाठोपाठ जू का, हे मला कधी उमगलं नव्हतं. नगरवरून निवृत्तीनाथांची पालखी पंढरपूरला जाते. तिचा मुक्काम वेगळा आणि विसावा वेगळा. मुक्कामाला तंबू पडतात, स्वयंपाक होतो, माणसं झोपतात. विसावा म्हणजे वाटेवर पालखी टेकायची, घोटभर पाणी प्यायचं, पाय सोडायचे आणि पुन्हा खांदा द्यायचा. मी तो शब्द कबरीच्या दगडावर ठेवून आले होते. तो चालणाऱ्यांचा आहे.

नवव्या दिवशी सकाळी निघाले. ब्रदर गोठ्यात होते. हात शेणाने भरलेले, म्हणून त्यांनी नुसती मान लववली. अक्का बसथांब्यापर्यंत आल्या. केळीच्या पानात बांधलेला लिंबूभात त्यांनी माझ्या पिशवीत कोंबला. करूरकडून येणारी बस दिसली तेव्हा त्यांनी मला एक वाक्य शिकवलं आणि माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, "पोयिट्टु वरेन." मी अर्थ विचारला. त्यांनी हाताने रस्त्याकडे दाखवलं, जाते, आणि मग हात वळवून स्वतःच्या पायांशी आणला, येते. जाऊन येते. निरोप घेताना नुसतं 'जाते' म्हणायचं नाही, हे आमच्याकडेही आहे. उंबऱ्यावर आम्हीही 'येते' म्हणतो.

यजमानांनीही तेच म्हटलं होतं.

"पोयिट्टु वरेन, अक्का," मी म्हटलं आणि बसमध्ये चढले. नदी आता डावीकडे होती. खिडकीशी जागा मिळाली. वाळूत लांबवर तीनचार बाया ओणवून खणत होत्या, त्यांच्या घागरी उन्हात चमकत होत्या. मी डोळे मिटले नाहीत. आबा, म्हटलं, आणि मुक्कोंबू येईपर्यंत पुढचं काही आलं नाही.